रुग्णनोंदींसाठीची मेटाडेटा मानके

रुग्णनोंदींसाठीची मेटाडेटा मानके म्हणजे एका रुग्णालयात, दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत तयार झालेली रुग्णाची नोंद दुसऱ्या ठिकाणच्या संगणक प्रणालीला शोधता यावी, ती योग्य रुग्णाशी जोडता यावी आणि तिचा अर्थ न बदलता वाचता यावा, यासाठी ठरवलेले सामायिक नियम होत. मेटाडेटा म्हणजे मूळ माहितीविषयीची माहिती. रक्तशर्करेचा आकडा ही मूळ माहिती होय. तो आकडा कोणाचा, कोणत्या चाचणीचा, कोणत्या एककातील, नमुना केव्हा घेतला आणि निष्कर्ष कोणी नोंदवला, हा त्याचा मेटाडेटा होय.

गरज

कागदी केसपेपर वाचणारा डॉक्टर अपुऱ्या तपशिलांचा अर्थ संदर्भावरून लावतो. संगणकाला असा संदर्भ आपोआप उपलब्ध नसतो. भारतात रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटर या एककात सांगतात. ब्रिटनमधील ७ हा आकडा भारतीय पद्धतीने सुमारे १२६ होतो. उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाच्या निदानाची सीमा आहे. मात्र एककाविना आलेला ७ हा आकडा भारतीय पद्धतीने वाचला, तर रुग्ण जीवघेण्या शर्करान्यूनतेत असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. '०३/०४' ही तारीख भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च ठरते. म्हणून बहुतेक आधुनिक मानके प्रथम वर्ष, मग महिना व शेवटी दिवस असा क्रम बंधनकारक करतात आणि एककांसाठी यूकम ही संकेतप्रणाली वापरतात.

मेटाडेटाचे घटक

मानके वेगवेगळी असली, तरी त्यांतील मेटाडेटाचे गट साधारणपणे सारखे असतात :

• ओळख : रुग्णाचा क्रमांक, तो देणारी संस्था, नाव, जन्मतारीख व लिंग. क्रमांकाबरोबर संस्थेची नोंद आवश्यक असते, कारण दोन रुग्णालयांत एकच क्रमांक दोन भिन्न व्यक्तींना मिळालेला असू शकतो.
• प्रकार : नोंद ही औषधचिठ्ठी आहे, तपासणी अहवाल आहे की रुग्णालयातून घरी सोडतानाचा सारांश आहे.
• संदर्भ : नोंद कोणत्या विभागात, कोणत्या भेटीत व कोणत्या कालावधीतील उपचारांविषयी झाली.
• उगम : नोंद कोणी व केव्हा केली, नंतर त्यात कोणी बदल केला.
• स्थिती : अहवाल प्राथमिक आहे, अंतिम आहे की नव्या अहवालाने रद्द झालेला आहे.
• गोपनीयता : नोंद कोणाला पाहता यावी.

प्रमुख मानके

डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचे मानक आहे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना व विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती स्थापन केली. तिच्या पहिल्या मानकातून पुढे १९९३ मध्ये डायकॉम आकाराला आले. डायकॉम फाइलमध्ये प्रतिमेसोबतच तिचे वर्णन असते व प्रत्येक तपशिलाला ठरावीक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, (००१०,००१०) येथे रुग्णाचे नाव व (००१०,००२०) येथे रुग्णक्रमांक असतो. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर काढलेले सीटी स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर पाहता येते.

एचएल७ या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची मानके मजकूर व आकडे यांच्या देवाणघेवाणीसाठी आहेत. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संदेशांत उभ्या रेषांनी विभागलेल्या ओळी असतात. रुग्णाची ओळख सांगणारी ओळ 'पीआयडी' या अक्षरांनी सुरू होते. अनेक रुग्णालयांत हे संदेश आजही वापरात आहेत. त्यानंतरच्या सीडीए या मानकाने संपूर्ण दस्तऐवजाची रचना ठरवली. त्याच्या शीर्षभागात रुग्ण, लेखक व दस्तऐवज सांभाळणारी संस्था यांची नोंद असते, तर मुख्य भागात वैद्यकीय मजकूर असतो.

एफएचआयआर (उच्चार 'फायर') हे एचएल७चेच नवे मानक असून ऑस्ट्रेलियातील ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये त्याची सुरुवात केली. यात रुग्ण, निरीक्षण, औषधयोजना अशा प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र घटक असतो आणि तो वेबच्या परिचित तंत्राने मागवता येतो. घटकाची आवृत्ती, शेवटच्या बदलाची वेळ व सुरक्षाविषयक खुणा यांसाठी निश्चित जागा असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चौथी आवृत्ती व्यापक वापरात असून पाचवी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

एक्सडीएस ही आयएचई या उपक्रमाने आखलेली कार्यपद्धती अनेक संस्थांमधील दस्तऐवज शोधण्यासाठी आहे. मूळ दस्तऐवज भांडारात राहतो आणि केवळ त्याचा मेटाडेटा सामायिक नोंदवहीत जातो. ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तक नसते, पण ते कोणत्या कपाटात आहे हे कळते, तशीच ही रचना आहे. नव्या दस्तऐवजाने जुना बदलला असल्यास तो संबंधही नोंदवहीत दिसतो. दस्तऐवजापासून काढलेली गणिती मुद्रा सोबत ठेवल्याने नंतर झालेली फेरफार ओळखता येते.

अर्थ निश्चित करणाऱ्या संकेतप्रणाली या मानकांना पूरक असतात. लॉइंक ही प्रणाली अमेरिकेतील रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये सुरू केली. तीत रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणाला ७१८-७ हा संकेत आहे. स्नोमेड सीटी ही २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली वैद्यकीय परिभाषा आहे. तीत उच्च रक्तदाबाचा संकेत ३८३४१००३ आहे. प्रयोगशाळेने अहवालात 'एचबी' लिहिले काय किंवा 'हिमोग्लोबिन' लिहिले काय, संकेत एकच राहतो.

भारतातील स्थिती

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. स्नोमेड सीटीचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्ये घेतले. या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅक येथे असून भारतीय गरजांनुसार एफएचआयआरच्या चौथ्या आवृत्तीवर आधारलेले आराखडे तेथे तयार होतात.

राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ती २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झाली. तिच्यात नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. सर्व नोंदी एका केंद्रीय संचयात गोळा केल्या जात नाहीत. त्या मूळ संस्थेतच राहतात व रुग्णाच्या संमतीने मागवल्या जातात. ही संमतीदेखील ठरावीक नमुन्यातील इलेक्ट्रॉनिक नोंद असते. तीत माहिती कोणाला, कोणत्या हेतूने, कोणत्या कालखंडातील व किती मुदतीसाठी द्यायची, हे नमूद असते.

गोपनीयता

मेटाडेटा हा स्वतःच संवेदनशील असतो. अहवाल उघडला नाही, तरी तो मनोविकार विभागातील किंवा एचआयव्ही चाचणीचा असल्याचे वर्गीकरणावरून कळू शकते. म्हणून मूळ नोंदीइतकेच संरक्षण नोंदवहीलाही द्यावे लागते. संशोधनासाठी प्रतिमा देताना डायकॉममधील ओळखीचे तपशील काढतात. पण काही प्रतिमांवर, विशेषतः सोनोग्राफीच्या चित्रांवर, रुग्णाचे नाव चित्रातच उमटलेले असते व ते वेगळे पुसावे लागते. अमेरिकेत १९९६ चा हिपा कायदा आरोग्यविषयक माहितीला संरक्षण देतो. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला.

मर्यादा

मानक स्वीकारल्याने नोंदीचा दर्जा आपोआप सुधारत नाही. रकाना रिकामा सोडला किंवा घाईत 'इतर' हा पर्याय निवडला, तर नोंद नियमानुसार वैध असूनही निरुपयोगी ठरते. कागद स्कॅन करून जोडल्यास दस्तऐवज सापडतो, परंतु त्यातील औषधांची नावे संगणकाला वाचता येतीलच असे नाही.

रुग्णाची ओळख पटवणे हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' ही आडनावे संगणकाला भिन्न वाटतात. रोमन लिपीत लिहिताना आणखी रूपे तयार होतात. महाराष्ट्रात विवाहानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलते, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात. जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी १ जून अशी लावलेली आढळते. अशा वेळी जन्मतारखेवरून दोन व्यक्तींमध्ये फरक करणे अवघड होते. एफएचआयआरमध्ये माहेरचे नाव वेगळे नोंदवण्याची, तसेच जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष देण्याची सोय आहे. दोन व्यक्तींच्या नोंदी चुकून एकत्र झाल्यास एकाची औषधाची ॲलर्जी किंवा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका असतो. त्यामुळे शंकास्पद जुळणी संगणकावर न सोपवता प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून तपासून घेणे आवश्यक मानले जाते.