'गाउडी टेक्स्ट' टाईप व काळनिर्णय

दाट, टोंकदार गॉथिक अक्षर दिसलें कीं कागद प्राचीन, असा ग्रह संग्राहकांत आढळतो. तो किती फसवा आहे, हें 'गाउडी टेक्स्ट' या टाईपावरून कळून येतें. अमेरिकन अक्षरकार फ्रेडरिक गाउडी यानें तो १९२८ सालीं लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीसाठीं तयार केला. आदर्श मात्र घेतला तो गुटेनबर्गनें १४५५ च्या सुमारास माइन्त्स येथें छापलेल्या बेचाळीस ओळींच्या बायबलाचा. त्या ग्रंथांत आद्याक्षरांच्या जागा मोकळ्या सोडून त्या मागाहून रंगानें हातीं भरीत. गाउडीनें १९२९ सालीं 'लोम्बार्डिक' हीं गोलसर मोठीं अक्षरें काढून तेंही काम खिळ्यांकडे सोंपविलें. यांतच त्याची खरी मार्मिकता आहे, असें आम्हांस वाटतें; कारण गॉथिक मोठीं अक्षरें ओळीनें जुळविलीं तर वाचणें कठीण. मथळे, प्रमाणपत्रें, नाताळच्या शुभेच्छापत्रिका, हेंच या टाईपाचें क्षेत्र.

तेव्हां या टाईपांतील छपाई १९२८ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं, एवढें निश्चित. आतां तो संगणकावरही मिळतो. म्हणून खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उमटला आहे कीं नाहीं, हेंही बोटानें चांचपून पाहावें.