प्रायव्हेट ना?

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले होते. पोटात उजवीकडे, बरगडीच्या खाली अशी कळ आली की मी बाथरूमच्या फरशीवरच बसून राहिले. मी मूळची नाशिकची, वय २८, सध्या मँचेस्टरमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर. घाम फुटला होता, पण एक गोष्ट आठवली: ऑफर लेटरमध्ये लिहिलेला ‘प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स’. त्याचं ॲप जॉइन झाल्या दिवशी डाऊनलोड केलं होतं, उघडलं मात्र कधीच नव्हतं.

हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “ही इमर्जन्सी वाटते. तुम्ही एनएचएसच्या ए अँड ईमध्ये जा.”

“पण तुमच्या यादीतलं हॉस्पिटल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.”

“तिथे ए अँड ई नाही.”

ए अँड ई म्हणजे आपल्याकडची कॅज्युअल्टी. काचेचं दार, कॉफी मशीन, पार्किंग, सगळं असलेल्या त्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीच नव्हती! फ्लॅटमेटने टॅक्सी बोलावली आणि आम्ही सरकारी हॉस्पिटलमध्ये गेलो.

प्लास्टिकच्या खुर्चीवर साडेपाच तास काढले. दरम्यान रक्त घेतलं, पेनकिलर दिली आणि सकाळी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते. इन्फेक्शन नव्हतं, त्यामुळे घरी पाठवलं. पित्ताशय काढावं लागेल, पण लगेच नाही, तुमच्या जीपीला भेटा, असं सांगितलं. जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. या सगळ्यात एकदाही कुणी “आधी डिपॉझिट भरा” म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल केला. आई रडली. बाबांनी एकच वाक्य म्हटलं: “प्रायव्हेटलाच कर. पैशाचा विचार करू नकोस.”

या वाक्यामागे आमच्या घराचा इतिहास आहे. २००९ साली आजोबांना झटका आला. सिव्हिलला न्यायचं की प्रायव्हेटला, असा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. अकरा दिवस ते एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. बाबांनी माझ्या नावाची एफडी मोडली, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग दुकानावर कर्ज काढलं. आजोबा वाचले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी वर्षं नातेवाईक म्हणायचे, “पोराने काही कमी केलं नाही हो, शेवटपर्यंत प्रायव्हेटला ठेवलं.” आमच्याकडे ‘प्रायव्हेट’ हा शब्द असा प्रेमाच्या हिशेबात धरला जातो. सिव्हिल त्यांचं, ज्यांना इलाज नाही.

एकच नाव, दोन पत्रं

मी इन्शुरन्सचा फॉर्म भरायला घेतला. कंपनीच्या पॉलिसीत ऑपरेशन बसत होतं आणि दोन-तीन आठवड्यांत तारीखही मिळाली असती. यादीतून सर्जन निवडायचा होता. त्यातलं एक नाव ओळखीचं वाटलं म्हणून ए अँड ईमधून मिळालेलं पत्र काढलं. मला ज्या सर्जनच्या टीमखाली तपासलं होतं, तेच नाव. सोमवार ते शुक्रवार सरकारी हॉस्पिटलात, एक संध्याकाळ आणि शनिवार प्रायव्हेटमध्ये.

म्हणजे डॉक्टर तोच आणि ऑपरेशनही तेच. मग मी नेमकं काय निवडत होते?

आमच्या कामात एक सवय लागते. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली ते आधी बघायचं. बहुतेक वेळा तिच्यामागे एखादी जुनी तडजोड असते. मी तसंच मागे जायला लागले.

१९४८ ची तडजोड

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमधली हॉस्पिटलं साधारण दोन प्रकारची होती. एक धर्मादाय, देणग्यांवर चालणारी. तिथे ‘आल्मोनर’ नावाची अधिकारी पेशंटची ऐपत विचारून कोण किती देऊ शकेल ते ठरवायची. मोठे डॉक्टर तिथे बहुधा बिनपगारी काम करायचे आणि कमाई श्रीमंतांच्या खासगी प्रॅक्टिसमधून करायचे. दुसरी नगरपालिकांची. त्यांतली अनेक मूळची अनाथ-गरिबांच्या ‘वर्कहाउस’ची दवाखाने, त्यामुळे तिथे जाणं कमीपणाचं वाटायचं. आपल्याकडच्या ‘सिव्हिल’ शब्दाला जो वास आहे, तोच. १९११ च्या कायद्याने कामगारांना डॉक्टर मिळाला होता, पण तो त्या कामगारापुरताच. त्याच्या बायको-मुलांना तो लागू नव्हता.

या सगळ्याला उत्तर शोधणारा मंत्री होता अन्यूरिन बेव्हन. वेल्सच्या ट्रेडेगर गावातला, तेराव्या-चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला. त्याच्या गावात खाणकामगार पगारातून थोडे थोडे पैसे जमा करून सगळ्यांसाठी डॉक्टर आणि हॉस्पिटल चालवायचे. बेव्हनला हेच देशभर हवं होतं. १९४६ साली कायदा झाला आणि धर्मादाय असो की नगरपालिकेचं, जवळपास प्रत्येक हॉस्पिटल सरकारने ताब्यात घेतलं.

डॉक्टर खवळले. आपण सरकारी नोकर होणार, ही त्यांची भीती. १९४८ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के विरोधात गेले. योजना सुरू व्हायला पाच महिने उरले होते.

बेव्हनने तडजोड केली. मोठ्या सर्जन-फिजिशियनना त्याने सांगितलं: सरकारी पगार घ्या, हवं तर अर्धवेळ काम करा, खासगी प्रॅक्टिसही चालू ठेवा. इतकंच नाही, सरकारी हॉस्पिटलातच तुमच्या खासगी पेशंटसाठी काही खाटा राखून ठेवतो. त्या खाटांना ‘पे बेड्स’ म्हणायचे. त्याचा हिशेब सरळ होता. या लोकांना आत जागा दिली नाही, तर ते बाहेर आपली वेगळी दुकानं मांडतील.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. बेव्हन त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या डेव्हीहुल्म इथल्या पार्क हॉस्पिटलमध्ये होता. १३ वर्षांची सिल्व्हिया बेकिंगहॅम ही एनएचएसची पहिली पेशंट मानली जाते. ते हॉस्पिटल आज ट्रॅफर्ड जनरल म्हणून ओळखलं जातं. एका रविवारी मी बस पकडून ते बघून आले. विटांची साधी इमारत आहे. जिथून हे सगळं सुरू झालं, तिथला ए अँड ई २०१३ मध्ये बंद झाला. किरकोळ दुखण्यांसाठी छोटं केंद्र उरलं.

माझ्या हातातल्या दोन पत्रांवर एकच नाव का होतं, याचं उत्तर १९४८ च्या त्या सौद्यात होतं.

काढायला गेले आणि...

ही तडजोड अनेकांना खुपत राहिली. १९७४ साली लंडनच्या नव्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये सफाई आणि जेवणाचं काम करणाऱ्या कामगारांनी खासगी वॉर्डाची सेवा बंद केली. एकाच छताखाली पैसेवाल्याला पुढे का घ्यायचं, हा त्यांचा सवाल होता. आरोग्यमंत्री बार्बरा कॅसलने पे बेड्स बंद करायला घेतले. त्यावर बडे डॉक्टर चिडले आणि करारात लिहिलंय तेवढंच काम करू लागले. अखेर १९७६ मध्ये कायदा होऊन पे बेड्स टप्प्याटप्प्याने हटवायचं ठरलं.

पण खासगी पेशंट नाहीसे झाले नाहीत. ते बाहेर गेले. त्यांच्यासाठी बाहेर नवी खासगी हॉस्पिटलं वाढली. बेव्हनला जी भीती होती, तेच झालं. १९८० मध्ये थॅचर सरकारने तो कायदाही मोडीत काढला.

या बाहेरच्या हॉस्पिटलांनी कामही निवडून घेतलं: गुडघा, हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशय. तारीख ठरवून करता येणारं आणि बहुतेक वेळा सुरळीत पार पडणारं. रात्री अडीचची कळ, अपघात, गुंतागुंतीची बाळंतपणं एनएचएसकडेच राहिली. प्रायव्हेटला कॅज्युअल्टी का नाही, या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तो पाहुणा दुसऱ्याच्या पायावर घर बांधून राहिला आहे.

आणि आपण?

मी तर इथली नाहीच. परक्यांना फुकट उपचार का, हा वाद एनएचएसच्या पहिल्या वर्षापासूनचा आहे. बेव्हनचं मत होतं की द्यायलाच हवेत. दारात प्रत्येकाची कागदपत्रं तपासायची तर आपल्याच माणसांना त्रास होईल. तरी १९४९ मध्येच परक्यांकडून पैसे घेण्याची तरतूद कायद्यात आली. ती प्रत्यक्ष वापरली गेली १९८२ मध्ये. २०१५ पासून व्हिसासोबत आरोग्य अधिभार सुरू झाला: आधी वर्षाला २०० पौंड, मग ४००, मग ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. माझ्या तीन वर्षांच्या व्हिसासाठी मी ३,१०५ पौंड भरले होते. पगारातून कर जातो तो वेगळाच. त्यामुळे ए अँड ईमध्ये ‘फुकट’ बसल्याचा संकोच वाटायचं खरं तर कारण नव्हतं. तरी वाटला. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ हाताला टॉवेल गुंडाळून माझ्याही आधीपासून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, फक्त कंटाळा होता. आपल्या हक्काच्या जागी माणूस तसाच कंटाळतो.

मला हे कधीच का वाटलं नाही, हे शोधताना थेट नाशिकच निघालं.

ब्रिटनमध्ये तो कायदा झाला त्याच वर्षी, १९४६ साली, भारतात एका समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म १८७८ चा, नाशिकचा. मी बारावीपर्यंत नाशिकमध्ये शिकले आणि हे नाव मँचेस्टरमध्ये पहिल्यांदा वाचलं. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीचं पहिलं तत्त्व होतं. पुढचा आराखडा आज वाचला तर डोळे विस्फारतात: दर १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं हॉस्पिटल, त्याच्या वर ६५० खाटांचं, आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचं. पूर्णवेळ पगारी डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा नको, असंही समितीने सुचवलं होतं. बेव्हनने जिथे हात टेकले, तिथे भोर ठाम होते.

फरक पुढे पडला. ब्रिटनकडे हॉस्पिटलं आधीच उभी होती, ती ताब्यात घ्यायची होती. आपल्याला नुकत्याच फाळणीतून निघालेल्या गरीब देशात ती बांधायची होती. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली खरी, पण मूळ आराखड्याच्या मानाने फारच लहान. राहिलेली जागा खासगी दवाखान्यांनी भरली. २००९ च्या त्या रात्री बाबांनी ‘निवड’ केली असं आम्ही समजत होतो. खरं तर त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कुणी नीट बांधलाच नव्हता.

शेवटी काय केलं?

जीपीने विचारलं, “कुठे पाठवू?” आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंग्लंडमध्ये पेशंटला हॉस्पिटल निवडायचा हक्क आहे आणि त्या यादीत एनएचएसच्या खर्चाने ऑपरेशन करणारी खासगी हॉस्पिटलंही असतात. घराजवळचं, काचेच्या दाराचं तेही होतं. इन्शुरन्सने तीन आठवडे, एनएचएसकडून अकरा. मी एनएचएस निवडलं.

यात फार मोठं तत्त्व नव्हतं. थोडा हट्ट होता. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडची वेटिंग लिस्ट ७७ लाखांच्या वर गेली होती. सर्जनचा शनिवार विकत घेऊन त्या रांगेला वळसा घालायचं मनाला पटेना. आठव्या आठवड्यात पुन्हा कळ आली, तेव्हा मात्र स्वतःला भरपूर शिव्या दिल्या.

ऑपरेशनआधी नर्सने मोठी प्रश्नावली भरून घेतली. दमा? हृदय? वजन? यातलं काही असतं, तर मला परत मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं असतं. मी विचारलं, “रात्री काही बिघडलं तर?” ती सहज म्हणाली, “ॲम्ब्युलन्स बोलावतो. एनएचएसला नेतात.”

ऑपरेशन नीट झालं. पोटावर चार छोटी टाके घातलेली भोकं आणि त्याच संध्याकाळी घरी. बाबांना फोन केला.

“प्रायव्हेट ना?”

“हॉस्पिटल प्रायव्हेट होतं, बाबा.”

“बिल किती झालं?”

“काहीच नाही. सरकारने भरलं.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काळजीच्या सुरात बाबांनी विचारलं, “मग नीट केलं ना गं त्यांनी?”