पांच नोंदींची वंशावळ



'इतिहास पुन्हा लिहिणें' हे शब्द आपल्या कानाला बरे लागत नाहींत. बखरकारानें सोयीचा तेवढाच मजकूर ठेवला, किंवा नक्कल करणाऱ्यानें मधलें एखादें पान गाळलें, असें कळलें म्हणजे आपण त्या साधनाकडे संशयानें पाहूं लागतों. परंतु संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या मंडळींत इतिहास पुन्हा लिहिणें हा नित्याचा आणि बहुधा निर्दोष असा उद्योग आहे. त्या उद्योगाच्या एका हत्यारांत शिरलेल्या चुकीची, आणि ती निघेपर्यंत गेलेल्या अकरा वर्षांची, हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या हत्याराचें नांव गिट. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीं तें एप्रिल २००५ मध्यें रचावयास घेतलें. तोंपर्यंत ते वापरीत असलेल्या बिटकीपर या साधनाची फुकट सवलत त्या वर्षीं बंद झाली होती. आज्ञावलींत कोणीं, केव्हां, कोणता बदल केला याची गिट नोंद ठेवतें, आणि प्रत्येक नोंदींत तिच्या आधीच्या नोंदीचें, म्हणजे तिच्या जनकाचें, नांव लिहितें. हें नांव म्हणजे साधारणतः चाळीस अक्षरांची एक खूण असते. ती कोणीं मनानें ठरविलेली नसते. नोंदींतील मजकुरावरून गणितानें काढलेली असते, आणि त्या मजकुरांत जनकाचें नांवही येतें. त्यामुळें मागची एक नोंद बदलली कीं पुढच्या साऱ्या नोंदींचीं नांवें बदलतात. एखाद्या कुलवृत्तान्तांत पणजोबांचें नांव दुरुस्त करतांच त्यांच्या सर्व वंशजांना नवीं नांवें घ्यावीं लागावीं, तसाच हा प्रकार आहे.

मग एवढा खटाटोप कोणीं करावाच कां? समजा, मुख्य ग्रंथापासून बाजूला बसून आपण महिनाभर कांहीं बदल केले. मध्यंतरीं मुख्य ग्रंथ पुढें गेला. आतां आपले बदल उचलून त्या नव्या टोकावर पुन्हा बसवावयाचे आहेत. आणि बसवितां बसवितां त्यांचा क्रमही नीट लावावयाचा आहे. कच्च्या वहीवरून पक्की वही उतरून काढण्याचेंच हें काम. गिटमध्यें याला 'रीबेस' म्हणतात. नोंदींची यादी समोर घेऊन तिच्या ओळी हातानें खालींवर करण्याची सोय योहानेस शिंडेलिन या गृहस्थांनीं २००७ सालीं त्यांत घातली.

शिंडेलिन यांची स्वतःची एक गरज होती. गिट विंडोजवर चालावें म्हणून केलेले बदल अनेक शाखांत विभागलेले असत, आणि शाखा ठिकठिकाणीं एकमेकींस मिळत. साधा रीबेस या साऱ्या शाखा चेपून एकच सरळ रेघ करून टाकी. म्हणून संगम जसेच्या तसे राखणारा एक निराळा प्रकार त्यांनीं त्याच वर्षीं रचला. तो आपोआप चालावा एवढीच मूळ कल्पना होती. पुढें दुसऱ्या एका कारागिरानें त्याला हातानें यादी फिरविण्याच्या सोयीशीं जोडून दिलें, आणि येथेंच घात झाला.

पांच नोंदी ओळीनें आहेत असें धरा. लेखकास चौथी नोंद तिसरीच्या आधीं हवी आहे. त्यानें यादींत चौथीची ओळ वर सरकविली. एक, दोन, चार, तीन, पांच असा क्रम मिळावयास हवा होता. मिळाला तो असा: एक, दोन, चार, पांच! तिसरी नोंद दुसरीपासून फुटलेल्या एका आडफांद्यावर एकटीच लोंबत राहिली. पक्क्या वहींतून कोणाची तरी मेहनत गळाली.

असें कां व्हावें? यादींत नोंदींचीं नांवें होतीं, पण कोणाचा जनक कोण हें लिहिलेलें नव्हतें. तें हत्यार जुन्या वंशावळींतून शोधून काढी. पांचवीचा जुना जनक चौथी, म्हणून पांचवी चौथीवर बसली. तिसरीचा जनक दुसरी, म्हणून ती दुसरीवर गेली. तिसरीचें अपत्य असलेली चौथी मात्र केव्हांच दुसरीकडे मांडून झाली होती. तेव्हां तिसरी निपुत्रिक ठरली. लेखक नवा क्रम सांगत होता आणि हत्यार जुन्या नात्यांवर विश्वासून चाललें होतें. सुदैवानें गिट आपली जुनी वही लगेच फाडीत नाहीं; गळलेल्या नोंदी साधारणतः तीस दिवस तरी शोधून काढतां येतात. पण कांहीं गळालें आहे हें आधीं ध्यानांत यावयास हवें.

गंमत अशी कीं हा दोष गुप्त नव्हता. हस्तपुस्तिकेंत दोषांच्या सदराखालीं हेंच पांच नोंदींचें उदाहरण आकृतीसह छापलेलें होतें. प्रामाणिकपणा खराच, पण हस्तपुस्तिकेचा शेवट वाचतो कोण?

किरकोळ डागडुजीनें हें सुधारण्याजोगें नव्हतें, कारण चूक रचनेंतच होती. २०१३ मध्यें शिंडेलिन यांनीं सुमारें तीन आठवड्यांत एक वेगळें साधन लिहिलें. त्याचें नांव त्यांनीं बागेच्या कातरीवरून ठेवलें. तें स्थिरावण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. त्याच कल्पनेवर उभारलेला नवा प्रकार जून २०१८ मध्यें, गिटच्या २.१८ या आवृत्तींत, सर्वांच्या हातीं आला. त्यांत यादीच बोलकी केली आहे. या जागेला अमुक खूण द्या, आतां त्या खुणेकडे परत जा, येथें अमुक शाखा मिळवा, अशा आज्ञा ओळींतच लिहिलेल्या असतात. नोंद ज्या जागीं मांडली तेथें आधीं जी असेल तीच तिचा जनक. ओळ हलविली कीं नातें हलतें, आणि मधली नोंद गळत नाहीं. जुना प्रकार २०१९ मध्यें टाकाऊ ठरविण्यांत आला व नोव्हेंबर २०२१ च्या २.३४ या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. ज्यांनीं तो रचला त्यांनींच त्याच्या जागीं दुसरा उभा केला, आणि पहिल्याची उणीव लेखी मान्य केली. हें मला या प्रकरणांत विशेष वाटतें.

नव्या प्रकारांतही एक अडचण उरली आहे. संगम तो जसाचा तसा उचलीत नाहीं, नव्यानें घडवितो. त्यामुळें दोन शाखा मिळवितांना पूर्वीं कोणीं हातानें तंटा मिटविला असेल, तर तो पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा हातानेंच मिटवावा लागतो.