उमरग्याचें पशुधन : बैलापासून शेळीपर्यंत

शेतकऱ्याची संपत्ति जमिनीवरून मोजण्याची रीत जुनी आहे. परंतु पावसाचा भरंवसा नसलेल्या प्रदेशांत ती गोठ्यावरून मोजणें अधिक सयुक्तिक ठरतें. धाराशिव जिल्ह्यांतील उमरगा तालुका हा असाच प्रदेश होय. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील ह्या काळ्या जमिनीच्या मुलुखानें गेल्या शंभर वर्षांत पशुपालनाचा हिशेब दोन-तीन वेळां नव्यानें मांडला, आणि त्याचा इतिहास राजवटींच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या काळीं गोठ्याचा मानकरी बैल. चिकण काळी जमीन नांगरावयास बळकट बैल लागत, आणि ते पुरविणारी देवणी जात जवळच, उदगीर-निलंग्याच्या टापूंत, निपजली होती. अंगावरील काळ्यापांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार जाणकार ओळखतात. गाय दूध देई; पण तिची खरी किंमत तिच्या पोटच्या गोऱ्ह्यावरून ठरे. ह्या व्यवस्थेंत विकतचें असें फार थोडें होतें. रब्बीची ज्वारी माणसाला धान्य आणि जनावराला कडबा पुरवी, करडईची पेंड घाण्यावरून येई, शेण शेतांत जाई. म्हातारा बैल विकून, त्या पैशांत भर घालून तरणा बैल घ्यावयाचा, हाही त्याच हिशेबाचा भाग होता.

१९७२ च्या दुष्काळानें ह्या हिशेबाचें वर्म उघडें केलें. दुष्काळांत चाऱ्याचा भाव चढतो, त्याच वेळीं जनावराचा उतरतो. पाऊस पडल्यावर बैल घ्यावयास जावें, तर भाव उलट फिरलेला असतो. शेतकरी दोन्हीकडून नागवला जातो. पुढें ट्रॅक्टर आला, आणि १९९० नंतर सोयाबीन. सोयाबीनचा पैसा रोख मिळतो, पण त्याच्या मागें कडब्यासारखी वैरण राहत नाहीं. घरचा कडबा आटला, तो विकत घ्यावा लागूं लागला. २०१५ सालीं गोवंशहत्याबंदीचा कायदा राज्यांत बैलांनाही लागू झाला, आणि म्हाताऱ्या बैलाची जमेची बाजूही गेली.

अशा पेंचांतून इतर देशांनीं वाट काढली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेचें स्वस्त धान्य युरोपांत येऊं लागलें, तेव्हां डेन्मार्कच्या शेतकऱ्यानें धान्य विकण्याऐवजीं तें गाईस व डुकरास चारलें, आणि लोणी व डुकराचें मांस परदेशीं धाडलें. १८८२ सालीं यटलंडांतील येडिंग ह्या खेड्यांत तेथील पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. आपल्याकडे १९४६ सालीं खेडा जिल्ह्यांत त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानें तोच मार्ग धरला गेला. परंतु संकरित गाईला हिरवा चारा आणि मुबलक पाणी लागतें. कालव्याखालच्या गांवांना तें साधतें. उमरग्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तें दरवर्षीं साधेलच असें नाहीं.

म्हणून येथें पुढें आली ती शेळी. जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें, तरी तिची जात आजही उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. बहुतेक शेळ्या रंगानें काळ्या. गाभणकाळ अवघा पांच महिन्यांचा, आणि जुळीं करडें होणें नित्याचें. बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा यांवर ती तग धरते. जिच्याकडे भांडवल नाहीं अशी बाई दुसऱ्याची शेळी अर्धलीनें सांभाळते. होणाऱ्या करडांची वांटणी होते आणि तिच्या दारीं स्वतःचें जनावर उभें राहतें. बैलजोडी एकदम विकावी लागते. शेळ्या मात्र गरजेपुरत्या, एकेक विकतां येतात. घरांत आजारपण आलें तर एक करडूं बाजारांत जातें, कळप घरींच राहतो.

तथापि ह्या धंद्याला दोन छिद्रें आहेत. दुधाला जसें माप आहे तसें शेळीला बहुधा नाहीं. आठवड्याच्या बाजारांत व्यापारी ती नजरेनें जोखतो, आणि नजरेचा फायदा नेहमीं घेणाऱ्याचाच असतो. दुसरें छिद्र अधिक खोल आहे. जो बोकड सर्वांत लवकर भरतो त्यालाच भाव अधिक, म्हणून तोच बकरी ईदेच्या बाजारांत आधीं विकला जातो. मागें राहिलेला दुबळा बोकड पुढल्या पिढीचा बाप होतो, आणि जातीचा कस उतरत जातो.

पूर्वीं गांवोगांव देवाला सोडलेला वळू असे. त्याला सारें गांव चारी आणि साऱ्या गांवाच्या गाईंना त्याचा लाभ होई. श्रद्धेच्या पोटांत तो एक उत्तम व्यवहार होता. आज गांवानें मिळून एक निवडक बोकड राखला, बाजारांत एक तराजू उभा केला आणि शेताच्या एका तुकड्यांत ज्वारी ठेवली, तर खर्च फारसा नाहीं. देवणी बैल गोठ्यांतून कमी होत गेला, त्याला पुष्कळ कारणें गांवाच्या हाताबाहेरचीं होतीं. उस्मानाबादी शेळीचा कस राखणें मात्र अद्याप गांवाच्या हातांत आहे.