देव, देश आणि सालाझार

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे लिस्बनला होतो. एका रविवारी फेरीबोटीने तेजो नदी ओलांडून पलीकडच्या आल्मादा गावात गेलो. तिथे कड्यावर येशूचा एक प्रचंड पुतळा हात पसरून उभा आहे. नाव 'क्रिस्तो रेई', म्हणजे ख्रिस्तराजा. पुतळा २८ मीटरचा आणि त्याच्याखालचा चौथरा तब्बल ८२ मीटरचा. लिफ्टने वर गेलं की खाली एक लांबलचक लाल झुलता पूल दिसतो. त्याचं नाव 'एप्रिल २५ पूल'.

१९६६मध्ये तो वाहतुकीसाठी खुला झाला, तेव्हा मात्र त्याचं नाव होतं 'सालाझार पूल'.

सालाझार हे नाव आपल्याला माहीत असतं ते गोव्यामुळे. शाळेच्या पुस्तकात गोवा मुक्तीचा विषय एखाद्या परिच्छेदात उरकतात. त्यातून माझ्या डोक्यात एक सोपं चित्र तयार झालं होतं : एका बाजूला ख्रिस्ती पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला हिंदू गोवेकर. लिस्बनहून परतल्यावर वाचत गेलो आणि कळलं की हे चित्र सालाझारला अगदी सोयीचं होतं. त्याला जगाला हेच पटवून द्यायचं होतं.

आंतोनियु सालाझारचा जन्म १८८९चा, एका खेड्यातला. आठ वर्षं तो पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकला, पण पाद्री झाला नाही. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२६मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९२८मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला आणि १९३२मध्ये पंतप्रधान. पुढची ३६ वर्षं तो त्या खुर्चीवर होता. कोइंब्रात त्याच्यासोबत एकाच घरात राहणारा मित्र सेरेजैरा १९२९मध्ये लिस्बनचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला सर्वोच्च धर्मगुरू झाला होता. दोन मित्र, एकाच्या हाती सरकार आणि दुसऱ्याच्या हाती चर्च.

सालाझारची श्रद्धा खोटी होती असं मला म्हणायचं नाही. तो श्रद्धाळू असावा. प्रश्न त्याने त्या श्रद्धेचं काय केलं हा आहे.

१९३६मध्ये, लष्करी उठावाला दहा वर्षं झाली तेव्हा, ब्रागा शहरात त्याने एक भाषण केलं. त्यात त्याने कोणत्या गोष्टींवर आपण वाद घालत नाही याची यादीच दिली. देव आणि सदाचार, देश आणि त्याचा इतिहास, सत्ता आणि तिचा मान, कुटुंब आणि त्याची नीती, कष्ट आणि त्यांचं कर्तव्य. यादी वरवर साधी वाटते. पण तिचा क्रम बघा. सुरुवात देवापासून आहे. तिथे समोरच्या श्रद्धाळू शेतकऱ्याने मान डोलावली की पुढच्या ओळींनाही त्याची संमती गृहीत धरली जाते. देवावर वाद नको हे ज्याला पटतं, त्याच्या गळी त्याच दमात सरकारवरही वाद नको हे उतरवलं जातं. आमच्या कामात कोड रिव्ह्यूला पाठवताना एखादा माणूस पाचशे ओळींचा चांगला बदल दाखवतो आणि त्यातच आपल्या सोयीच्या दोन ओळी सरकवून देतो. सालाझारने त्या दोन ओळी देवाच्या शेजारी सरकवल्या होत्या.

त्याच वर्षी प्राथमिक शाळांच्या वर्गात क्रूस लावणं सक्तीचं झालं. १९३८मध्ये शाळांसाठी रंगीत पोस्टरांची मालिका निघाली, 'सालाझारची शिकवण' नावाची. त्यातलं सर्वात गाजलेलं पोस्टर 'देव, देश, कुटुंब' या तीन शब्दांचं. शेतावरून घरी आलेला बाप, चुलीशी आई, मुलं, भिंतीपाशी क्रूस, खिडकीतून दिसणारा किल्ला आणि त्यावर झेंडा. घरात वीज नाही, चैनीची एकही वस्तू नाही. गरिबीलाच इथे सद्गुण करून टाकलं होतं. ज्या मुलाने हे चित्र रोज पाहिलं, त्याने मोठा झाल्यावर मजुरी वाढवून मागितली तर ती मागणी त्या क्रुसाच्या विरोधात वाटावी, अशी ती रचना होती.

१९४०मध्ये व्हॅटिकनशी करार झाला. चर्चला मालमत्ता आणि शिक्षणाबाबत सवलती मिळाल्या, वसाहतींतल्या मिशनना सरकारी पैसा मिळाला. बदल्यात बिशप नेमण्याआधी राजकीय हरकत घेण्याची संधी सरकारला मिळाली. राज्यघटनेत धर्म आणि राज्य वेगळेच राहिले. सालाझारला धर्मगुरूंचं राज्य नको होतं. त्याला धर्मगुरूंची साथ हवी होती, आणि तीही गप्प बसून.

एकजण गप्प बसला नाही. पोर्तोचे बिशप आंतोनियु फेरैरा गोमिश यांनी १९५८मध्ये सालाझारला एक लांबलचक पत्र लिहिलं. ग्रामीण भागातलं दैन्य, कामगारांचे हक्क, स्वतःचं राजकीय मत बनवण्याचं कॅथलिक माणसाचं स्वातंत्र्य, हे त्यातले मुद्दे होते. म्हणजे एक बिशप ख्रिस्ती शिकवणीचा आधार घेऊनच विचारत होता, की तुम्ही जिचं नाव घेता ती शिकवण इथे दिसते कुठे? पुढच्या वर्षी ते देशाबाहेर गेले आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. दहा वर्षं ते परदेशात राहिले.

ते वर्ष होतं १९५९. त्याच वर्षी मे महिन्यात आल्मादाच्या ख्रिस्तराजाचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं. काँक्रीटच्या ख्रिस्ताला ११० मीटरवर जागा होती. ख्रिस्ताचं नाव घेऊन प्रश्न विचारणाऱ्या बिशपला नव्हती.

आता गोव्याकडे येऊ. भारत स्वतंत्र झाल्यावर सालाझारला गोवा राखण्यासाठी युक्तिवाद हवा होता. १९५१मध्ये 'वसाहत' हा शब्द काढून गोव्याला सागरापलीकडचा प्रांत म्हटलं गेलं. १९५२मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला ४०० वर्षं झाली, तेव्हा जुन्या गोव्यातला त्याच्या अवशेषांचा दर्शनसोहळा मोठ्या प्रमाणावर झाला. १९५४च्या भाषणात सालाझारने गोव्याला पूर्वेतला पश्चिमेचा प्रकाश म्हटलं. युक्तिवादाचा मथितार्थ असा, की पोर्तुगाल गेला तर इथला ख्रिस्ती धर्म विझेल.

वस्तुस्थिती वेगळी होती. गोव्यातले बहुसंख्य लोक हिंदू होते. ख्रिस्ती साधारण एक तृतीयांशाच्या थोडे वर. उलट भारतात तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास ख्रिस्ती होते आणि केरळमधली त्यांची परंपरा वास्को द गामाच्या कितीतरी आधीची. १९५३मध्ये भारताला पहिला कार्डिनल मिळाला, तोही गोव्याच्या कुटुंबातला : मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस. १९५५मध्ये नेहरू पोप पायस बारावे यांना भेटले आणि परतल्यावर सांगितलं, की गोव्याचा प्रश्न धार्मिक नाही, राजकीय आहे हे पोपनाही मान्य आहे.

आणि खुद्द गोव्यातले ख्रिस्ती? काहींना पोर्तुगाल जवळचा वाटत होता, जसा काही हिंदू घराण्यांनाही वाटत होता. पण गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक घरातले होते. १९४६मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. १९५५पासून जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या दोघांपैकी एक होते वामन सरदेसाई आणि दुसऱ्या लिबिया लोबो. सालाझारच्या गोष्टीत ही माणसं बसतच नव्हती. माझ्या शाळेतल्या चित्रातही ती नव्हती.

१४ डिसेंबर १९६१ला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना संदेश पाठवला. शरणागती नको, युद्धकैदी नकोत, सैनिक एकतर विजयी असतील किंवा मेलेले, असा त्याचा आशय. शेवटी देवाचं नाव होतं : हा सैनिक भारतातला शेवटचा गव्हर्नर ठरावा असं देव होऊ देणार नाही.

लिस्बनमध्ये बसून हजारो माणसांना मरायला सांगताना जबाबदारी देवावर टाकलेली होती. वासालु इ सिल्व्हा यांनी हिशेब केला आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक सैनिक जिवंत घरी गेले. याबद्दल त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आलं. सालाझारने उभी केलेली राजवट संपल्यावर, १९७४नंतर, त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

तीन वर्षांनी, १९६४च्या डिसेंबरमध्ये, पोप पॉल सहावे धर्मपरिषदेसाठी मुंबईला आले. ख्रिस्ती धर्माचा रक्षक म्हणवणारं पोर्तुगाल सरकार खुद्द पोपवरच रागावलं. परराष्ट्रमंत्र्यांनी तर या भेटीला विनाकारण केलेला अपमान म्हटलं.

मला इथे एक कसोटी सापडते. एखादा सत्ताधीश देवाचं नाव घेतो तेव्हा त्याची श्रद्धा खरी की खोटी हे आपल्याला कधीच कळणार नाही. तो शोध सोडून द्यावा. त्याच्याच धर्मातला माणूस त्याच्याशी असहमत झाला तर त्याचं काय होतं, एवढं बघावं. बिशप हद्दपार, कुन्हा तुरुंगात, पोप अपमान करणारे. मग यादीत देवाचा नंबर पहिला होता, हे खरं कसं मानायचं?

२५ एप्रिल १९७४ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली. पुलाचं नाव बदललं. पुतळ्याला कुणी हात लावला नाही. इकडे जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन आजही दर दहा वर्षांनी होतं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा मीही रांगेत होतो, गोव्याच्या एका मित्राबरोबर आणि त्याच्या आजीबरोबर. पोर्तुगाल जाऊन ६३ वर्षं होत आली होती. माझ्या पुढे एक बाई कोकणीत पुटपुटत प्रार्थना म्हणत होती, तिच्या पुढे गजरा माळलेल्या दोघीजणी हात जोडून उभ्या होत्या. रांग हळूहळू पुढे सरकत होती.