लमेटाच्या खडकातला साप

तिलवारा घाटावरून नर्मदेच्या कडेने खाली गेलं की लमेटा घाट लागतो. या घाटावरून एका खडकस्तराला 'लमेटा' हे नाव मिळालं. जबलपूरपासून गुजरातपर्यंत तो ठिकठिकाणी उघडा पडलेला दिसतो. शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा मी मुलांना तिथे नेत असे. दरवर्षी एखादा पालक म्हणायचाच, "सर, या संशोधकांचं काय खरं? आज एक सांगतात, उद्या दुसरं." मी हसून विषय बदलत असे. उत्तर मिळालं ते निवृत्तीनंतर, याच खडकाच्या इतिहासात.

१८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरच्या बडा सिमला टेकडीपाशी अश्मीभूत मणके सापडले. १८७७ साली रिचर्ड लायडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जात ठरवली. पुढे डायनासोरांच्या एका जगभर पसरलेल्या गटाला तेच नाव मिळालं. पण मूळ पुरावा तोकडा होता, आणि काळाच्या ओघात मणकेही नजरेआड झाले. २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिलं, की ज्या खुणांवरून ही जात वेगळी मानली, त्या इतर अनेक जातींतही आढळतात. मी मुलांकडून ते नाव घोकून घेतलं होतं. ते किती हाडांवर उभं आहे, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

दुसरी हकिगत गुजरातमधल्या ढोली डुंगरीची. तिथल्या लमेटा खडकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना अंडी आणि हाडं एकत्र मिळाली. १९८७ साली त्यांनी ती डायनासोरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. २००१ साली विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यांतले काही मणके सापाचे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. २०१० साली नवा निबंध आला: घरट्यात पिल्लापाशी वेटोळं घालून बसलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, 'सनाजेह इंडिकस'. लेखकांत मोहबे स्वतः होते.

पहिला निबंध अर्धा चुकला होता, तरी मी त्याला कच्चा म्हणणार नाही. दगड जपलेला होता, जागेची नोंद होती, दुसऱ्याला तो तपासता आला, आणि दुरुस्तीवर पहिल्या लेखकाचंच नाव आलं. स्लीमनचा हरवलेला मणकाही २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. त्या शोधातही मोहबे होते.

आज तो पालक भेटला तर सांगेन, मत बदललं म्हणून संशोधन खोटं ठरत नाही. पुरावा किती होता, तो कुठे ठेवलाय, आणि दुसऱ्या कुणी तो हातात घेऊन पाहिला का, एवढं आधी विचारा. मुलांना हे मी शिकवायला हवं होतं.