प्रेअरीचा गहू आणि युरोपचा शेतकरी

युरोपातून अमेरिकेत झालेल्या स्थलांतराची कारणे सांगताना दारिद्र्य, धर्मच्छळ आणि स्वातंत्र्याची ओढ यांवरच आपण बहुधा थांबतो. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु १८७० नंतरच्या स्थलांतराचा उलगडा त्यांनी पुरता होत नाही. या काळात आधी गेलेल्यांनीच, नकळत का होईना, मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या पोटावर पाय आणला.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळे. पाच वर्षे तेथे राहून ती कसावी, एवढीच मुख्य अट. नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशीयासही हा लाभ होता. ('सरकारी' हा शब्द मात्र जपून वाचावा, ती भूमी अलीकडेपर्यंत लाकोटा, पॉनी, शायेन इत्यादी जमातींची होती.) स्वीडिश, नॉर्वेजियन व जर्मन कुटुंबे मिनेसोटा, नेब्रास्का, डकोटा या प्रांतांत पसरली. १८७४ मध्ये रशियातून कॅन्ससला आलेल्या जर्मनभाषी मेनोनाइटांनी तर हिवाळी गव्हाचे 'टर्की रेड' हे वाण सोबत आणले. कापणीयंत्र, शिकागोची उत्तुंग धान्यकोठारे, आगगाडी आणि आगबोट यांच्या बळावर हा गहू लिव्हरपूलच्या बाजारात येऊन पडू लागला. १८७० मध्ये तेथील भाव शिकागोपेक्षा सुमारे ५८ टक्के चढा होता. १८९५ मध्ये हे अंतर १८ टक्क्यांवर आले.

या माऱ्याला प्रत्येक राष्ट्राने आपापल्या परीने तोंड दिले. इंग्लंडने धान्यावरील संरक्षक जकातीचे कायदे १८४६ मध्येच रद्द केले होते; तेथे गिरणीमजुराला पाव स्वस्त मिळाला आणि गव्हाची शेती खालावली. बिस्मार्कने १८७९ मध्ये जकात बसवून एल्बेपलीकडचे जमीनदार सावरले. तिचा भार अर्थातच पाव विकत घेणाऱ्यावर पडला. डेन्मार्कची युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. धान्य स्वस्त झाले, तर ते गुराडुकरांना घालावे आणि लोणी व बेकन इंग्रजांना विकावे! १८७८ च्या सुमारास स्वीडिश अभियंता लाव्हाल याने दुधातून साय वेगळी काढणारे यंत्र सिद्ध केले होते. १८८२ मध्ये येडिंग येथे शेतकऱ्यांची पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. लहान शेतकऱ्याचे दुधही तीत मोठ्याच्याच दराने घेतले जाई.

स्वीडनने जकात बसविली ती १८८८ मध्ये. तिला उशीरच झाला होता. १८८१ ते १८९० या दशकात तीन लाखांहून अधिक स्वीडिश माणसे अमेरिकेला गेली, आणि त्यांतील कित्येकांनी मिनेसोटात जाऊन गहूच पेरला.